सात नंबरचा बिल्ला

आमचं जहाज मुद्दाम बुडवायचं असतं. पोटातल्या टाक्यांत समुद्र भरायचा, सपाट डेक पाण्याखाली न्यायचा, त्यावर समुद्रातून तेल काढायचा अजस्र फलाट तरंगत आणायचा आणि मग पाणी उपसून त्याला पाठीवर उचलायचं. टाक्यांचे व्हॉल्व्ह माझ्या हातात. नियम एकच, आणि ब्रह्मदेव आला तरी तो मोडायचा नाही: टाकीत उतरणारा आपला बिल्ला फळ्यावर लावतो, बाहेर आल्यावर स्वतःच काढतो. दुसऱ्याने हात लावायचा नाही.

त्या सकाळी फळा कोरा होता, टाक्यांची झाकणं घट्ट आवळलेली. मुकादम ओरडला, "सोड पाणी!" मी सोडलं.

चार मिनिटांनी सात नंबरच्या टाकीतून ठोके आले. लोखंडावर पाना. तीन, थांबून पुन्हा तीन. माझ्या थोरल्या भावाची दार वाजवायची ही लहानपणापासूनची तऱ्हा.

मी सातचा व्हॉल्व्ह बंद केला. मुकादमाने मनगट धरलं. "एकाच बाजूचा बंद केलास तर जहाज कलंडेल, गाढवा!"

"मला शिकवू नकोस." समोरच्या बाजूचा आठही बंद केला, म्हणजे तोल राहील. "दादाचा बिल्ला कोणी काढला?"

"मी. तो बाहेर आला होता. या डोळ्यांनी पाहिला."

मग मला काही दिसेना. त्याचं डोकं धरून टेबलावर आपटलं. एकदा, दोनदा. तोंडावर ठोसा हाणला. टेबलावरचा एक पाना उचलून तो उठला, माझ्या बरगडीत घातला. मी त्याला खुर्चीसकट आडवा केला. झाकण उघडायला पंपवाला धावला. मी मात्र लाथा घालत राहिलो. खरं सांगतो, बरं वाटत होतं.

दादाला दोघांनी धरून आणलं. गळ्यापर्यंत भिजलेला, झाकणावर हाणून हाणून उजव्या हाताची बोटं फुटलेली. "कोणी काढला?"

मी मुकादमाकडे बोट केलं. तो रक्त थुंकत दादाला म्हणाला, "नाश्त्याला पाठमोरा बसला होतास. जाकिटावर तुझं नाव होतं, हे एवढ्या मोठ्या अक्षरांत."

दादाने माझ्याकडे पाहिलं. माझं जाकीट आदल्या दिवशी भिजलं होतं, म्हणून सकाळी त्याचंच घातलं होतं. न विचारता, नेहमीसारखं.

त्याने डाव्या हाताने माझ्या कानाखाली जाळ काढला. "आईला काय सांगणार होतास?"

मी जाकीट काढून त्याच्या खांद्यांवर टाकलं. मुकादमाच्या दाताचा तुकडा अजून माझ्या मुठीत रुतलेला होता.