धक्क्यावरचं रडणं

साहेब, तुम्ही एका आठ वर्षांच्या पोराला त्याची आई मेली असं सांगितलंत. ती मेली नव्हती. घरी बसून त्याच्याच शर्टाला बटण लावत होती. हे तुम्हाला माहीत होतं. तरी सांगितलंत, कारण उजेड चालला होता आणि पोराच्या डोळ्यांतून पाणी येत नव्हतं.

हे सगळ्यात आधी लिहून टाकते, म्हणजे पुढं वाचताना "या बाईला नक्की म्हणायचंय काय" असं कोणी विचारायला नको.

ते पोर म्हणजे माझा धाकटा भाऊ. तुम्ही सिनेमा काढलात तो भोवऱ्याच्या पुस्तकांवर. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. भोवरा हा गोष्टीतला पोरगा, एका जागी ठरत नाही म्हणून भोवरा. बाप नाही. आई कामासाठी बोटीनं दूरगावी जाते आणि हा नावाड्या मामाकडे राहतो. लोकांच्या घरी ही पुस्तकं होती, आमच्या नव्हती. आमच्या घरात पुस्तक आलंच तर शाळेचं, तेही शेजारच्या पोरीचं जुनं. तुमची माणसं पोरं निवडायला शाळाशाळांतून हिंडत होती. आमच्या शाळेत सगळी पोरं केस चापून रांगेत उभी राहिली आणि हा बाकाखाली घरंगळलेली गोटी शोधत होता. "हाच भोवरा," असं तुम्ही म्हणालात म्हणे.

शूटिंगला आयांना मनाई. आई समोर असली की पोरं लाडावतात, असं तुमच्या माणसानं सांगितलं. मग धक्क्यावरचा सीन आला. बोट सुटते, आई जाते, भोवरा एकटा उरतो. तुम्हाला रडणारा भोवरा हवा होता आणि माझ्या भावाला काही रडू येईना. बोटीवरची बाई आपली आई नव्हे, एवढी अक्कल त्याला होती. बोट परत फिरवली, परत सोडली, परत फिरवली. शेवटी तुम्ही त्याच्यासमोर उकिडवे बसलात, खांद्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "बाळ, घरून निरोप आलाय. तुझी आई गेली." आणि बाजूला झालात. कॅमेरा आधीपासूनच चालू होता.

पुढचं जगानं पाहिलंय. जगानं जे पाहिलं नाही ते मी सांगते. सीन झाला, टाळ्या पडल्या. तुम्ही त्याला कडेवर घेतलंत, चॉकलेट दिलंत आणि दुसऱ्या कामाला लागलात. ते खोटं होतं हे सांगायचं कोणी, हे तुमच्यात ठरलंच नव्हतं. तुम्हाला वाटलं, मदतनीस सांगेल. मदतनीसाला वाटलं, ड्रायव्हर सोडायला जातोच आहे, तो सांगेल. ड्रायव्हरला वाटलं, साहेबांनी स्वतः कडेवर घेतलं होतं, म्हणजे सांगितलं असणारच. एवढा मोठा तुमचा कारखाना, दिवा कोणी उचलायचा, छत्री कोणी धरायची हे सगळं ठरलेलं. मेलेली आई जिवंत करायचं काम मात्र कोणाच्याच वाट्याला आलं नव्हतं.

तो घरी आला तेव्हा मी दाराशीच होते. आई दातांत दोरा धरून बसली होती. "आलास? हातपाय धू," म्हणाली. हा जागचा हलेना. मग हळूच पुढं आला आणि एका बोटानं तिचा गाल दाबून बघितला.

"अरे, झालंय काय?"

"तू गेली होतीस."

"कुठं?"

कुठं ते त्याला तरी कुठं माहीत होतं!

आई तुमच्या ऑफिसात येऊन गेली. "बाई, मुलाचं नाव होणार आहे, कौतुक करा," असं सांगून तुमच्या लोकांनी तिला वाटेला लावलं. गरिबानं मोठ्याशी भांडायचं म्हणजे भिंतीला धडक. आपलंच कपाळ फुटतं. त्यानंतर आमच्या घरात भोवरा हे नाव कोणी काढलं नाही आणि तो सिनेमा कोणी पाहिला नाही.

नाव झालं बरं का. अजून बाजारात लोक त्याला "ए भोवरा" म्हणून हाक मारतात. पण माझ्या भावाचा माणसाच्या शब्दावरचा विश्वास त्या धक्क्यावर जो बुडाला तो वर आला नाही. साखर संपली म्हटलं की डबा उघडून बघतो. बाहेर ऊन आहे म्हटलं की खिडकीतून हात काढतो. त्याच्या तोंडी एकच वाक्य. कोण म्हणतं? मोठा होऊन फ्रिज दुरुस्त करायला लागला आणि ते काम त्याला शोभलं. गिऱ्हाईक काहीही बरळो, हा फ्रिजला कान लावतो. फ्रिज थापा मारत नाही.

लग्न झालं, टिकलं नाही. भावजय जाताना माझ्याजवळ रडली. "ताई, तुमचा भाऊ वाईट नाही हो. पण मी बरी आहे म्हटलं तर कपाळाला हात लावून बघतो. माहेरी होते म्हटलं तर माहेरी फोन करून विचारतो. मला नवऱ्याच्या घरी नांदायचंय, चौकशी आयोगापुढं नाही." दुधानं तोंड भाजलेला माणूस ताक फुंकून पितो हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच्या शेजारी बसून जन्मभर ती फुंकर ऐकत बसायचं, हे कोणाला जमतं?

मग आई खरंच गेली. हॉस्पिटलातून निरोप आला, मी त्याच्या दुकानात जाऊन सांगितलं.

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते."

त्यानं हात पुसले, आला, आणि तिच्या नाकाखाली बोट धरून उभा राहिला. खूप वेळ. नर्सनं शेवटी हात धरून बाजूला केलं. जमलेल्यांतलं कोणीतरी कुजबुजलं, "ज्यानं सगळ्या जगाला रडवलं, त्याच्या डोळ्यांत स्वतःच्या आईसाठी टिपूस नाही." मी ऐकलं. त्यानंही ऐकलं असणार.

आता आम्ही दोघं दोन खोल्यांत राहतो. मी हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करते, तो फ्रिज करतो. बोलणं फारसं होत नाही. ज्या घरात प्रत्येक वाक्य तपासणीला जातं, तिथं माणूस वाक्यं जपून वापरायला शिकतो. कधीकधी मी कामावर गरम चादरीशीच पुटपुटते. ती निदान उलट विचारत नाही.

यंदा भोवऱ्याच्या पुस्तकांवर टीव्ही मालिका आली. बसथांब्यावर हे भलं मोठं पोस्टर लागलं. नवा पोरगा धक्क्यावर बॅगेवर बसलेला, आणि खाली 'सल्लागार' म्हणून तुमचं नाव. भाऊ त्या पोस्टरसमोर थांबायला लागला. एक बस सोडायचा, दुसरी सोडायचा. घरी येऊन जेवताना हात थांबायचा.

"ताई, त्या पोराला काय सांगितलं असेल गं?"

"कोणत्या पोराला?"

"नव्या भोवऱ्याला. धक्क्यावरच्या सीनला."

"आता असलं काही चालत नाही. आता कायदे आहेत."

"कोण म्हणतं?"

खरंच, कोण म्हणतं?

त्याला त्या परक्या पोराचा घोर लागला. मालिकेच्या जाहिराती फोनवर आवाज बंद करून बघायचा, बोटांनी चित्र मोठं करून पोराचे डोळे न्याहाळायचा. लाल झालेत का, सुजलेत का. तुमच्या चॅनेलवरून 'तेव्हा आणि आता' या कार्यक्रमासाठी फोन आला तेव्हा मी तोंडावर नाही म्हणणार होते. त्यानं फोन घेतला. "येऊ दे त्यांना," म्हणाला. "त्यांना माहीत असेल."

मुलाखतवाली पोरसवदा होती. सोबत कॅमेरावाला. आमचे वाळत घातलेले कपडे बाजूला सारून त्यांनी भावाला खुर्चीत बसवलं आणि समोर स्क्रीन ठेवला.

"काका, तुम्ही फक्त बघायचं. आधी तुमचा सीन, मग नवा. जे वाटेल ते चेहऱ्यावर येऊ द्या."

"नाही आलं तर?"

"येईल हो. सगळ्यांना येतं."

आधी सिनेमातला सीन लावला. मी तो पहिल्यांदाच पाहत होते, आणि तोही. पडद्यावर माझा भाऊ, तोंड उघडं, आवाज आधी फुटतच नाही आणि मग असा फुटतो की मी तोंड फिरवलं. तो मात्र दुसऱ्याचा फ्रिज तपासावा तसा शांतपणे बघत होता.

"काय जबरदस्त अभिनय!" ती म्हणाली.

"अभिनय नाही तो," भाऊ म्हणाला. "ते राहू दे. नव्या पोराला काय सांगितलंत?"

"म्हणजे?"

"त्याला रडवायला. काय सांगितलंत त्याला?"

ती गोंधळली. "काहीच नाही. तो रडतच नाही ना, काका. बघा की."

तिनं नवा सीन लावला. तोच धक्का, तशीच बोट. आई कठड्याशी उभी राहून डोळे पुसतेय. पोरगा बॅगेवर बसतो, बूट काढून उलटा करतो. वाळू पडते आणि वाळूबरोबर एक एवढासा खेकडा. तो तिरका तिरका पोराच्या पायाच्या बोटांवरून चालत जातो आणि त्याला हसू फुटतं. हसत हसत तो बूटच उंच धरून आईकडे हलवतो. बोटीवर आईही डोळे पुसता पुसता हसायला लागते.

भाऊ खुर्चीच्या टोकाला आला होता. "ताई, बघ! हसतोय!" त्यानं मांडीवर थाप मारली. डोळे भरले होते. "नाही रडवलं त्याला. हसतोय बघ." इतक्या वर्षांत मी त्याला असं सैल झालेलं पाहिलं नव्हतं.

मुलाखतवालीला वाटलं, गप्पा रंगल्या. ती म्हणाली, "पुस्तकात तसंच आहे ना! भोवरा तिथं रडत नाही. ते सिनेमात नवीन घातलेलं होतं. म्हणून तर लोक म्हणतायत, मालिका पुस्तकाशी जास्त प्रामाणिक आहे."

"कोण म्हणतं?"

ती हसली. कॅमेऱ्यापुढं धरायला तिनं पुस्तक आणलंच होतं. पान काढून दिलं. भावानं एकेका शब्दावर बोट ठेवत वाचलं. पान उलटलं, परत मागं आला. मीही खांद्यावरून वाचलं. 'भोवरा हसला. बोटीवरून आईला तेवढंच दिसलं.' रडण्याचं नाव नाही. पुढच्या पानावर नाही, मागच्या पानावर नाही.

"हसायचं होतं होय?" तो म्हणाला. अगदी साध्या आवाजात. "मग हसायलाच सांगायचं की. मला येत होतं हसता."

कॅमेरावाल्यानं डोळा कॅमेऱ्यावरून काढला. मुलाखतवालीनं विचारलं, "काका, हेच परत म्हणाल? इकडे बघून?"

माझ्या अंगाची लाही झाली. पण भाऊ शहाण्या पोरासारखा तिकडे बघून परत म्हणाला. वर म्हणाला, "हे साहेबांना विचारा. मला का नाही सांगितलं हसायला?"

"साहेब स्टुडिओत येणारच आहेत. आम्ही त्यांना हे दाखवू आणि विचारू. शब्द देते, काका."

मी वाट पाहिली. आता म्हणेल, कोण म्हणतं. तो म्हणाला नाही. त्यानं मान डोलावली. तुमच्या त्या पोरीचा शब्द, साहेब, माझ्या भावानं तपासून न बघता घेतला.

कार्यक्रमाच्या दिवशी तो दुकान लवकर बंद करून आला. धुतलेला शर्ट घालून टीव्हीसमोर बसला. तुम्ही मोठ्या खुर्चीत होतात, अंग भरलंय तुमचं. तुम्ही धक्क्याची गोष्ट सांगितलीत. "मग मी एक युक्ती केली," म्हणालात, आणि युक्ती सांगितलीत, आणि समोरची माणसं हसली. "कलेसाठी दिग्दर्शकाला थोडं कठोर व्हावं लागतं," म्हणालात. टाळ्या. मग आमची खोली दिसली, माझा भाऊ दिसला. नव्या पोराला हसताना बघून भरलेले त्याचे डोळे चॅनेलवाल्यांनी जुन्या रडण्याला जोडले, खाली व्हायोलिन लावलं. जणू स्वतःच्याच अभिनयानं गहिवरलाय. त्याचा प्रश्न कुठंच नव्हता. कार्यक्रम संपला आणि साबणाची जाहिरात लागली.

तो तसाच बसून राहिला. साबण झाला, टायर झाले.

"पुढच्या भागात असेल," म्हणाला.

"नाही रे. एकच भाग होता."

यावर त्यानं मला उलट विचारलं नाही. लगेच मानलं. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आता तो काहीच विचारत नाही. परवा मी मुद्दाम म्हटलं, साखर संपली. डबा भरलेला होता. त्यानं मुकाट्यानं कोरा चहा प्यायला, बिनसाखरेचा. आधी घरात एक तरी वाक्य ऐकू यायचं. चॅनेलला मी फोन केला तर "वेळेअभावी तो भाग घेता आला नाही" असं सांगून ठेवून दिला. स्वतःचं कौतुक सांगायला तुम्हाला वेळ पुरला.

म्हणून आता मी विचारते. माफी नको. शाल नको, फुलं नकोत, व्यासपीठावर बोलावू नका, त्याला पुन्हा दिव्यांसमोर बसवू नका. आमचा जिना दुसऱ्या मजल्यापर्यंत आहे, तेवढा चढा, त्याच्यासमोर बसा आणि सांगा. पुस्तक मला तोंडपाठ आहे, असं तुम्हीच त्या खुर्चीत बसून म्हणालात. म्हणजे भोवरा हसतो हे तुम्हाला माहीत होतं. धक्क्यावर खेकडे फुकट हिंडत होते. पोरगा समोर उभा होता, सांगाल ते करायला तयार. मग त्याला हसायला का नाही सांगितलंत?

मला नको, त्याला उत्तर द्या. कधी येताय?