ढवळणीचा वेग

मुठीत गच्च दाबलेला गाळ. बोटांच्या फटींतून एक थेंबही ओघळत नाही.

साहेबांच्या टेबलावर ट्रकच्या पाच किल्ल्या ओळीने.

घरी धाकट्या भावाची बायको खिडकीशी उभी राहून नव्या पडद्यांसाठी वितीने माप घेते. सहा विती आणि चार बोटं.

फळ्यावर खडूने : शंभरात ब्याऐंशी भाग पाणी होतं, आता सत्तर.

थोरल्याने हात धुतले, पुन्हा धुतले आणि तो साहेबांच्या खोलीत शिरला.

सांडपाण्याच्या केंद्रात गाळ पिळायचं यंत्र तो बावीस वर्षं चालवत होता. गाळात पावडरचं पाणी सोडायचं, ढवळायचं, गुठळ्या धरल्या की पट्ट्यांमध्ये दाबायचं. ढवळणी जोरात फिरली की गुठळ्या फुटतात आणि पाणी आतच राहतं. त्याने ती हळू केली. पाच ट्रकांचा माल तीन ट्रकांत मावू लागला.

"बावीस वर्षं हे डोकं कुठे गहाण ठेवलं होतंत?" साहेब खुशीत होते.

"वासाने बधिर झालं होतं, साहेब."

साहेब हसले. मग त्यांनी शेवटच्या दोन किल्ल्या बाजूला सरकवल्या.

"हे दोन ट्रक आता बंद. पाचवा तुमच्या भावाचा ना?"

"हो."

"यंत्रावर आणखी एक माणूस घ्यायचाय. पण नुसता भाऊ म्हणून घेतला तर वरचे माझं डोकं खातील. कागदावर लिहायला काहीतरी द्या. या कामात त्याचा काही हात होता?"

थोरल्याने रुमाल काढला. कोरडीच बोटं एकेक करून पुसली.

"तो ड्रायव्हर आहे, साहेब. त्याला यातलं काय कळतंय?"

"मग माझाही इलाज नाही."

किल्ल्या खणात पडल्या.

संध्याकाळी धाकटा जिन्याच्या पायरीवर बसला होता. सरकून त्याने जागा केली. थोरला उभाच राहिला.

"दादा, साहेबांनी काही विचारलं?"

"वशिला चालत नाही म्हणाले."

"माझ्याबद्दल?"

"तुझ्याबद्दल काय विचारणार?"

"तेही खरंच." धाकटा बराच वेळ चपलेचा पट्टा ओढत राहिला. "तुला काय देणार?"

"प्रमाणपत्र. चौकटीत घालून."

"मग खिळा मी ठोकतो. तू ठोकलास की भिंतीचे पोपडे पडतात."

आणि तो खरोखरच हातोडी आणायला वर गेला. थोरला तिथेच उभा.

मार्चमध्ये पट्टा सैल होऊन ढवळणी आपोआप हळू झाली होती. त्या दिवशी पाचव्या ट्रकमधून वाटेत पाणी ठिबकलं नाही, आणि रिकामा ट्रक घेऊन परतल्यावर धाकटा म्हणाला होता, "दादा, ती रोज अशीच हळू फिरवून बघ."