कोंडिबाचे पाय

उजव्या बुटाचा तळ पुढून पार उचकटला होता आणि कोंडिबा त्याच्याकडे असा बघत होता, जणू घरच्याच माणसानं भर बाजारात दगा दिलाय. हाफटाइम झाला होता. दौंडच्या रेल्वे मैदानाच्या कडेला, लिंबाखाली लोको शेडची टीम घाम पुसत बसली होती. पुण्याच्या कुठल्याशा कारखान्याची टीम एका गोलने पुढं होती. तो गोलही कोंडिबाच्याच बाजूनं गेला होता. त्यांचा एक काटकुळा फॉरवर्ड तीनदा त्याला ओलांडून गेला आणि तीनही वेळा कोंडिबा मागून नुसता धापा टाकत राहिला.

कोंडिबा ओव्हाळ म्हणजे शेडमधला फिटर, वय वर्षं अडतीस, आणि सोळा वर्षं या टीमचा डावा बॅक. गोलपासून मारलेला त्याचा बॉल पार समोरच्या कुंपणाला लागायचा, म्हणून लोक लांबून बघायला यायचे. त्या लाथेचं सगळं श्रेय तो बुटांना द्यायचा. टीमचे बूटही तोच सांभाळायचा. बॉयलरला रिव्हेट मारणाऱ्या माणसाला कातड्याचं काय अवघड! प्रत्येक बुटाच्या चवड्याखाली तो जुन्या बॉयलरच्या पत्र्याचा चार बोटं रुंद तुकडा बसवायचा आणि वर कातड्याचा दुहेरी थर ठोकायचा. कुणी कुरकुर केलीच तर त्याचं उत्तर तयार असायचं. हलकं इंजिन रुळावर घसरतं, जड इंजिन रूळ धरतं. माणसाच्या पायाचं त्याहून निराळं काय असायचं? सगळी शेड इंजिनांवर जगत होती, तिथं हे कुणाला खोटं वाटणार? अकराच्या अकरा जण पायात लोखंड घालून खेळत आणि वर छाती फुगवून फिरत.

आज सकाळीच सोपानरावांनी त्याला बाजूला घेतलं होतं. सोपानराव शेडचे हेडक्लार्क आणि टीमचे मॅनेजर. माणूस वाईट नव्हता, पण बोलणं आडपडद्याचं नव्हतं.

"कोंडिबा, आजची मॅच खेळ आन् थांब आता," ते म्हणाले होते. "तुझं पाय जड झाल्यात."

कोंडिबा मान हलवून निघून आला होता. हे वाक्य त्याला नवं नव्हतं, म्हणून तर ते वर्मी लागलं. एकसष्ट साली मुंबईला रेल्वेच्या मोठ्या टीमची निवड होती. हा तेव्हा तेवीस वर्षांचा. जायच्या आदल्या दिवशी त्यानं खास नवा पत्रा कापून बुटांना बसवला होता, नेहमीपेक्षा जाड, साहेबांपुढं लाथ जोरात बसावी म्हणून. साहेबांनी लाथ पाहिली, वाहवा केली, मग त्याला मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवलं आणि कागदावर फुली मारली. पोरात ताकद आहे पण पाय जड आहेत, एवढंच बोलले. परतीच्या गाडीत कोंडिबानं ते मान्य करून टाकलं. देवानं एकाला चपळाई दिली, एकाला ताकद. आपल्या वाट्याला जे आलं ते आलं. पंधरा वर्षं तो याच समजुतीवर जगला. आजची मॅच मात्र त्याला नीट खेळून संपवायची होती. लोकांनी जाताना तरी हसू नये, एवढंच त्याला हवं होतं. आणि इथं बुटानंच तोंड वासलं.

मच्छिंद्र शेजारी गुडघा धरून बसला होता. चोवीस वर्षांचा पोरगा, टीमचा फॉरवर्ड. त्याचा पाय मुरगळला होता आणि आता तो उठणार नव्हता. त्यानं आपले बूट सोडले आणि कोंडिबापुढं सरकवले.

"मामा, माझं घाला. माप एकच हाय आपलं."

हे बूट म्हणजे गेल्या आठवड्याभराचा चेष्टेचा विषय. मच्छिंद्रचा मेव्हणा बोटीवर कामाला होता, त्यानं ते परदेशातून आणले होते. घोट्याच्या खालीच संपलेले, मऊ कातड्याचे, खाली रबरी बटणं. कोंडिबानंच सगळ्यांदेखत विचारलं होतं की या सपाता घालून हळदीकुंकवाला जायचंय का. मग स्टोअरच्या काट्यावर त्यांचं वजन केलं, तर एका पारड्यातला कोंडिबाचा एकच बूट खाली गेला आणि दुसऱ्या पारड्यातली ती अख्खी जोडी वर उचलली गेली. तेव्हा कोंडिबानं काटा बिघडलाय म्हणून सांगितलं आणि विषय मिटवला.

आता अडला हरी. त्यानं निमूटपणे बूट चढवले, नाड्या बांधल्या आणि उभा राहिला. आणि घाबरलाच. पायात काही नव्हतंच. त्यानं दोनदा खाली वाकून खात्री केली.

शिट्टी झाली. पहिलाच बॉल त्याच्याकडं आला आणि त्यानं सवयीनं सगळा जोर लावून पाय फिरवला. पाय त्याच्या अंदाजाच्या कितीतरी आधी पोचला. बॉल लिंबाच्या शेंड्यावरून थेट यार्डात गेला आणि लोक हसले. कोंडिबाच्या चवड्याला झिणझिण्या आल्या, कारण आड लोखंड नव्हतं. पण त्याचं हसण्याकडं लक्षच नव्हतं. बॉलची शिवण कुठं लागली हे त्याला कळलं होतं! सोळा वर्षं बॉल लाथाडला, पण बॉलला हात लावावा तसा पाय आज पहिल्यांदा लागला होता. पायाखालचे खडे कळत होते, कुठं गवत आहे आणि कुठं नुसती माती आहे ते कळत होतं. मैदान बोलायला लागलं होतं आणि हा बाबा थक्क होऊन ऐकत होता.

मग तो काटकुळा फॉरवर्ड पुन्हा सुटला. बॉल पुढं ढकलून तो बाजूनं निघाला, आता आपल्याला कोण अडवतंय अशा तोऱ्यात. कोंडिबा वळला आणि पळाला. वळताना त्याला जाणवलं की वळायला वेळच लागला नाही. एक ढांग, दुसरी ढांग, आणि त्याला एकदम आपलं गाव केंदूर आठवलं. केंदूरहून पाबळच्या शाळेला तो अनवाणी पळत जायचा. भूक लागलेली असायची, उशीर झालेला असायचा, आणि वाटेवरची सगळी पोरं मागं पडायची. बैलगाडीवाले ओरडून विचारायचे, कुणाचं रे हे पोर? त्या पोराला तो विसरूनच गेला होता. ते पोर आत्ता त्याच्या पायात होतं.

त्यानं त्या फॉरवर्डला गाठलं. नुसतं गाठलं नाही, पुढं गेला, बॉल अलगद काढून घेतला आणि तसाच घेऊन निघाला. सोळा वर्षांत त्यानं कधी मधली रेषा ओलांडली नव्हती. आज ओलांडली. कुंपणावरचे लोक एकदम उठून उभे राहिले. त्यानं पास दिला, आपल्या पोरानं गोल केला, बरोबरी झाली. शेवटपर्यंत त्याच्या बाजूनं पुढं कुणी गेलं नाही.

मॅच सुटल्यावर सोपानराव धावत आले. त्यांनी कोंडिबाचे दोन्ही खांदे धरले.

"माझं चुकलं गड्या. जड न्हाईत तुझं पाय. पुढच्या मॅचला तूच."

हेच शब्द कुणीतरी बोलावेत म्हणून पंधरा वर्षं झुरलेला माणूस तो. पण ते ऐकून तो खाली पायातल्या बुटांकडं बघत राहिला. पाय जड नव्हते. तेव्हाही नव्हते. मुंबईला साहेबांनी जे जड पाहिलं, ते यानंच आदल्या दिवशी छिन्नीनं कापून, मोजून, प्रेमानं ठोकलं होतं. डोळे भरून आले, ते त्यानं घामाबरोबर पुसले.

"न्हाई सोपानराव," तो म्हणाला. "माझी मॅच झाली."

त्यानं मच्छिंद्रचे बूट धोतराच्या मऊ चिंधीनं पुसले, बटणांतली माती काडीनं काढली आणि दोन्ही हातांनी त्याला परत दिले.

सोमवारी त्याची सुट्टी होती. टीमचे सगळे बूट पोत्यात भरून त्यानं क्वार्टरवर आणले; ओझं एवढं, की दोनदा वाटेत टेकवावं लागलं. ओट्यावर बसून तो छिन्नीनं रिव्हेट तोडू लागला. रंभा दारात मेथी निवडत होती. नवऱ्यानं सोळा वर्षं ज्याचं कौतुक सांगितलं, तेच तो उपटून काढतोय, हे तिला दिसत होतं. पण त्याचा चेहरा बघून ती पुन्हा मेथी निवडू लागली. दुपारपर्यंत पत्र्याच्या तुकड्यांचा चांगला ढीग झाला. बूट पुन्हा पोत्यात गेले, तेव्हा रंभानं पोतं सरकवायला हात लावला आणि ते एका हातानं उचललं गेलं.

मग तिची नजर दाराजवळच्या जोडीकडे गेली. उचकटलेल्या तळाचे, घोट्यापर्यंतचे ते बूट तसेच पडले होते.

"आन् तुमचं?"

"ऱ्हाऊ दे त्यास्नी तसंच." कोंडिबानं ते उचलून भिंतीवर, बाबासाहेबांच्या तसबिरीपासून हातभर लांब, एका खिळ्याला अडकवले. खिळा जरा खाली झुकला, पण टिकला.

पोतं खांद्यावर टाकून तो पोरांना बूट द्यायला मैदानाकडं निघाला. चपला घालायच्या राहिल्या होत्या, रंभानं हाक मारली, पण तो फिरला नाही. पोरं शेड सुटल्यावर येणार होती, मैदान भर दुपारी रिकामं होतं. कुंपणाशी त्यानं पोतं खाली ठेवलं, इकडंतिकडं बघितलं. कुणी नव्हतं. मग कोंडिबा अनवाणीच, या टोकापासून त्या टोकापर्यंत, जोरात पळाला.