लांडग्यांची वाट

कारीननं नकाशा टेबलावर पसरला तेव्हा मोरिसेतनं आधी कॉफीचे कप बाजूला सारले, मग चष्मा शोधला, आणि मग सगळा नकाशा उलटा फिरवून आपल्याकडे ओढला.

"आता दिसतंय नीट," ती म्हणाली. "उत्तर वर असली की माझा गोंधळ होतो. मी जन्मभर या दारातून बाहेर पडले. वरून खाली कधी आले नाही."

कारीन तालुक्याच्या पर्यटन कचेरीत होती. चाळिशीची, बोलायला मोकळी. हल्ली लीलहून आणि बेल्जियममधून सायकलवाले उत्तर फ्रान्समधल्या तिएराशच्या या टापूत यायला लागले होते, आणि त्यांना ट्रकचे रस्ते नको असत. शांत रस्ते हवेत, झाडीतले, गावांना मागून शिवून जाणारे. असे रस्ते शोधून त्यांची पुस्तिका काढायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं. सरपंच म्हणाले होते, "नकाशे कसले बघता? मोरिसेतबाईंकडे जा. या मुलखातली एकही बोळ त्यांच्या चाकाखालून सुटलेली नाही."

ते खरंच होतं. मोरिसेत एकोणीस वर्षांची असताना दूध संघात लागली, ते साल पासष्ट. काम असं, की महिन्यातून एकदा प्रत्येक गोठ्यावर जायचं, संध्याकाळच्या आणि सकाळच्या धारेला उभं राहायचं, एकेका गाईचं दूध तोलायचं, नमुना बाटलीत भरायचा आणि वहीत लिहायचं. सायकलच्या मागे लाकडी पेटी, पेटीत साठ बाटल्या, हँडलला दूध तोलायचा ताणकाटा. दोन धारांच्या मधला मुक्काम त्याच शेतकऱ्याकडे. लोक तिला वजनवाली म्हणत. सहा वर्षं तिनं सायकलवर काढली, मग संघानं मोटार दिली. पुढं तिनं रोजे नावाच्या गवंड्याशी लग्न केलं, दोन मुलं झाली, रोजे जाऊनही आता नऊ वर्षं झाली होती. शहात्तराव्या वर्षी ती पाव आणायला अजून सायकलवरच जाई.

तिनं पेन्सिल घेतली आणि रस्ते काढायला सुरुवात केली. तिला रस्ते गाईंवरून आठवत होते.

"हा चढ ओदेतच्या घराकडे जातो. तिची काळी गाय लाथ मारायची, माझ्या तीन बाटल्या फोडल्या तिनं. चढ सोपा आहे, लाव खूण. इथून ओढ्याकाठानं खाली... इथं जुळे भाऊ राहायचे, एकमेकांशी बोलायचे नाहीत. मी एकाचं दूध दुसऱ्याला सांगितलं की दोघंही खूश."

"आता कोण राहतं तिथं?"

"आता पॅरिसचं कुणीतरी. फक्त ऑगस्टमध्ये." तिनं पेन्सिल पुढं नेली. तासाभरात नकाशावर रेघांचं जाळं झालं. मग ती एका जागी थांबली. "आणि इथून लांडग्यांची वाट. गावाच्या मागून निघते ती थेट आबेलच्या मळ्यापर्यंत. दोन्हीकडे कुंपणाची झाडं, वर फांद्या मिळालेल्या. मे महिन्यात पांढऱ्या फुलांनी डोकं भरायचं. याच्याहून शांत रस्ता तुम्हाला मिळणार नाही."

कारीननं फोन काढून वरून काढलेलं चित्र पाहिलं. "मोरिसेतबाई, इथं वाट नाही. शेत आहे."

"फोनला म्हणावं, नीट बघ."

"तुम्ही शेवटची कधी गेला होता?"

मोरिसेतनं पेन्सिल खाली ठेवली. "मोटार आली त्यानंतर नाही," ती म्हणाली. मोटारीला मोठा रस्ता सोयीचा होता, आणि लग्नानंतर संघानं तिला दुसरी गावं दिली, मग त्या बाजूला जायचं काही कारण राहिलं नव्हतं. पन्नास वर्षं झाली होती. हे तिच्या आत्ता लक्षात आलं.

कारीननं ग्रामपंचायतीतला जुना जमिनीचा नकाशा काढवला. त्यात वाट होती, नावासकट, आणि गावाच्या मालकीची म्हणून. गुरुवारी दोघी सायकली घेऊन निघाल्या.

सुरुवात अगदी जशीच्या तशी होती. स्मशानभूमीच्या भिंतीला वळसा, चिखलाचा उतार, मग झाडी. मोरिसेत पुढं होती. पाय आपोआप हलके पडत होते, कारण इथं पेटी हिंदकळू द्यायची नसते हे पायांना माहीत होतं. झाडांखाली थंडावा होता, ओल्या पाल्याचा तोच वास. मागून कारीन म्हणाली, "किती सुंदर आहे," आणि मोरिसेतनं मान हलवली, जणू तिनंच ते लावलं होतं.

तिसऱ्या वळणावर झाडी संपली. अशी संपली की कुणी कात्रीनं कापावी. पुढं नांगरलेली काळी जमीन, ओळीत पेरलेला मका, बोटभर उगवलेला. दीड किलोमीटर पलीकडे आबेलचा मळा उघडा पडला होता, लाल विटांचं घर, तिच्या काळी नसलेली गोठ्याची पत्र्याची शेड. मोरिसेत सायकलवरून उतरली. पूर्वी ते घर शेवटच्या वळणापर्यंत दिसत नसे.

बांधाबांधानं सायकली ढकलत दोघी मळ्यात पोहोचल्या. आबेल अंगणात बाकावर बसून बटाटे सोलत होता. एकोणऐंशीचा, खांद्यात वाकलेला, डोक्यावर टोपी. बायको तेरेज तीन वर्षांपूर्वी गेली, मुलगी लीलला. गाई विकल्या होत्या, पण तेवढं एक शेत त्यानं अजून हाती ठेवलं होतं.

"वजनवाली आली," तो उठून उभा राहत म्हणाला. "उशीर झाला तुला. गाई गेल्या."

कारीननं ओळख सांगितली, नकाशा दाखवला आणि वाटेचं विचारलं.

आबेलनं नकाशाकडे पाहिलंसुद्धा नाही. "इथं वाट नव्हती."

"जुन्या नकाशात आहे, आबेलराव."

"नकाशात काय, काहीही असतं. माझ्या बापाच्या काळापासून हे शेतच आहे."

मोरिसेतला आधी वाटलं, तो थट्टा करतोय. "आबेल, एकोणसत्तरच्या बर्फात तू माझी पेटी खांद्यावर घेऊन याच वाटेनं आला होतास. मागून मी सायकल ढकलत होते."

"मला नाही आठवत."

"एकही बाटली फुटली नव्हती."

"सांगितलं ना, आठवत नाही." तो पुन्हा बाकावर बसला आणि बटाट्याला चाकू लावला.

परतताना मोठ्या रस्त्यानं यावं लागलं. ट्रक अंगावरून जात होते. गावात पोहोचल्यावर कारीन म्हणाली, "कागद आपल्या बाजूनं आहेत. सरपंच मोजणी बोलावतील. आबेलरावांना वाट सोडावीच लागेल."

"मोजणी नको," मोरिसेत म्हणाली. "थोडे दिवस थांबा."

जमीन गेली याचं तिला एवढं वाईट वाटलं नव्हतं. त्या काळात सगळ्यांनीच झाडी तोडली होती, शेतं मोठी केली होती, यंत्रं आली होती. पण वाट नव्हतीच असं त्यानं म्हणणं तिला लागलं. त्या बर्फाच्या दिवशी दोन किलोमीटरमध्ये आबेल एकच वाक्य बोलला होता, "फुलेत आटली." फुलेत म्हणजे त्याची तांबडी गाय. त्या एका वाक्यावर तेवीस वर्षांच्या मोरिसेतनं कितीतरी दिवस घालवले होते. महिन्यातून एका मंगळवारी ती यायची. आबेलची आई लेओनी तिला चिकोरीची कॉफी द्यायची, त्यात मारोआल चीजचा पाव बुडवून खायला लावायची आणि म्हणायची, "खा पोरी, आमच्याकडे राहायचं तर याची सवय पाहिजे." आबेल ताटात बघत बसायचा. दोन वर्षं मोरिसेतनं वाट पाहिली. मग मोटार आली, रोजे आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच गेली. आबेल अंगणातच होता. तिनं सायकल भिंतीला टेकवली.

"काल ती बाई होती म्हणून बोललास तसा, की खरंच विसरलास?"

"बस," आबेल म्हणाला. आत जाऊन तो कॉफी घेऊन आला. बराच वेळ त्यानं साखर ढवळली.

"त्र्याहत्तरला बुलडोझर आला होता," तो म्हणाला. "सरकारचाच होता, शेतं जोडून द्यायला. त्यांनी विचारलं, या वाटेचं काय करायचं? मी म्हटलं, काढा. ते म्हणाले, ही गावाची आहे. मी म्हटलं, गावातलं कुणी येत नाही इथून."

"लोक येत होते."

"दोनचार येत होते." त्यानं चमचा बाजूला ठेवला. "तू येत नव्हतीस. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेवटचं वळण दिसायचं. तू मोठ्या रस्त्यानं मोटार घेऊन यायला लागलीस, तरी आई मंगळवारी त्या वळणाकडेच बघत बसायची. तुझं लग्न झाल्यावरसुद्धा. एक दिवस म्हणाली, बघ, तुझ्यामुळं वाट ओस पडली. मला ते रोज बघवेना. बुलडोझर दारात उभाच होता."

मोरिसेतनं कप खाली ठेवला. "मग तू विचारलं का नाहीस मला?"

"तू महिन्यातून एकदा यायचीस. संध्याकाळी मी ठरवायचो, सकाळी विचारू. सकाळी तू बाटल्या मोजत असायचीस. मधे बोललं की तू ओरडायचीस."

"बाटल्या मोजताना सगळ्यांनाच ओरडायचे मी."

"मला काय माहीत." त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आणि खरं सांगू, मला वाटायचं तुला कळलंच असेल. गाईचं दूध छटाकभर कमी झालं तरी तुझ्या लक्षात यायचं."

मोरिसेतला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले, ते तिनं पुसले नाहीत. तेरेज कशी होती, असं तिनं विचारलं. चांगली होती, आबेल म्हणाला, फार चांगली, माझ्यासारख्याला सांभाळून घेणारी. रोजेसुद्धा चांगला होता, मोरिसेत म्हणाली. दोघंही खरं बोलत होते. मग त्यांनी लेओनीच्या कॉफीची आठवण काढली, आणि फुलेतची, आणि कुंपणातल्या त्या रानचेरीची, जिच्याखाली उन्हाळ्यात बाटल्या थंड राहत.

निघताना मोरिसेत म्हणाली, "मोजणी मी थांबवलीय. पण कारीन भली बाई आहे, तिला काहीतरी सांगावं लागेल."

"मका निघेपर्यंत थांबा म्हणावं," आबेल म्हणाला. "पेरलेलं मी तुडवू देणार नाही. मग तीन मीटर सोडतो."

"कागदावर चार आहेत."

"चार तर चार. तुला मापात कधी फसवता आलं नाही. आणि त्या सायकलवाल्यांना सांगा, कागदं टाकायची नाहीत आणि अंगणात घुसून फोटो काढायचे नाहीत."

ऑक्टोबरात मका निघाला. आबेलनं स्वतः खुंट्या मारल्या, दोरी ताणली, सरपंचांनी खडी टाकून दिली. हिवाळ्यात शाळेतली मुलं येऊन दोन्ही बाजूंनी कुंपणाची रोपं लावून गेली, ती रोपं अजून गुडघ्याइतकीही नव्हती. पुस्तिका वसंतात निघाली. त्यात वाटेचं नाव छापलं होतं, अंतर छापलं होतं, आणि "शांत, सपाट" असं लिहिलं होतं.

मे महिन्यातल्या एका दुपारी मोरिसेत तिथून गेली. तिसऱ्या वळणापर्यंत पांढरी फुलं होती. त्यानंतर उघडं आकाश आणि आडवा वारा. वाट सरळ होती, खडी नवी होती, चाकाखाली वेगळाच आवाज येत होता. तिला ती ओळखीची वाटली नाही. जुन्या वाटेत घर दिसायच्या आधी धडधड व्हायची. इथं घर पहिल्यापासून समोर होतं, आणि अंगणातला आबेलही, ठिपक्याएवढा, मग बोटाएवढा.

दोन बेल्जियन मागून आले, घंटी वाजवून पुढं गेले. त्यातल्या बाईनं वळून विचारलं, "आजी, पुढं प्यायला पाणी मिळेल का?"

"त्या घरात," मोरिसेत म्हणाली. "म्हातारा कुरकुर करेल. करू द्या. सफरचंदाची दारू मागा, ती त्याची स्वतःची असते."

ते निघून गेले. वारा तोंडावर होता, चढ नव्हता तरी दम लागत होता. मोरिसेत मधेच उतरली नाही. तिनं एक गिअर खाली घेतला आणि हळूहळू पायडल मारत राहिली.