वीतभर हवा

"लागलीच नाही! ओ पंचबाई, लागलीच नाही काठी!"

सगळी गॅलरी उभी राहून ओरडत होती. बाईंनी ढुंकूनही पाहिलं नाही.

शिट्टी वाजली की जी जिथं असेल तिथं तिनं खिळल्यासारखं थांबायचं, हा बायकांच्या लॅक्रॉसचा, म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठीनं चेंडू झेलत-फेकत खेळायच्या खेळाचा, इथला नियम. त्यामुळे गुन्हा जागच्या जागी गोठून उभा होता. पुढे भिंगरी, हरणाऱ्या संघाची सगळ्यात चपळ पोरगी. तिच्यामागे बुरूज, समोरच्या संघाची धिप्पाड बचावपटू. बुरूजचा पहिला फटका भिंगरीच्या केसांवरून गेला होता, दुसऱ्यासाठी उचललेली काठी भिंगरीच्या कानापासून वीतभर अंतरावर थबकली होती. आणि चेंडू गोलात होता. पण शिट्टीनंतर गेलेला. बाईंनी हात हलवला. गोल रद्द.

"अहो, बरोबरी झाली होती आमची!" भिंगरी किंचाळली. "मला काही झालेलं नाही!"

"म्हणूनच वाजवली," बाई म्हणाल्या आणि बुरूजसमोर पिवळं कार्ड धरलं. "चल, बाहेर."

"मी शिवलेसुद्धा नाही हिला!"

"शिवायची वाट बघत बसू? बाहेर."

या पोरींच्या डोळ्यांवर जाळीचा चष्मा असतो, दातांवर रबर असतं. डोकं उघडं. म्हणून डोक्याभोवतीची वीतभर हवा नियमानं राखून ठेवलेली. तिच्यात काठी शिरली की गुन्हा, लागो न लागो. पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं. फायनलच्या दिवशी मात्र सगळ्यांना विसर पडतो.

सकाळीच पंचप्रमुखांनी बाईंना बाजूला घेऊन गोड आवाजात सांगितलं होतं, "ताई, आज लोक तिकीट काढून आलेत. खेळ जरा वाहू द्या. बाहेरच्या स्पर्धेसाठी एकच पंच पाठवायचाय, तुमचं नाव माझ्या डोक्यात आहे."

खेळ वाहू द्या! बाई खेळायच्या तेव्हाच्या पंचानंही वाहू दिला होता. शिट्टी ओठांत धरून तो कौतुकानं बघत राहिला आणि काठी बाईंच्या डोक्यात बसली. जखम भरली. नाकाला वास यायचा बंद झाला तो झालाच. तेव्हापासून नवरा रोज सकाळी दूध हुंगतो आणि "पास" किंवा "नापास" असं ओरडून सांगतो. इस्पितळाच्या धुलाईखान्यात नोकरी लागली तेव्हा मुकादम खूश होऊन म्हणाला होता, "असं नाक आम्हाला का नाही दिलं देवानं?" बाईही हसल्या होत्या. पोटच्या पोरीच्या टाळूला कसला वास यायचा, हे मात्र त्यांना कुणाला तरी विचारावं लागलं होतं. गॅलरीत टाळ्या पिटणारं कुणीही त्यांच्या घरी दूध हुंगायला आलं नाही.

भिंगरीला मोकळा फटका मिळाला. तिनं दात खाऊन मारला. चेंडू खांबाला लागून बाहेर गेला आणि थोड्याच वेळात सामना संपला. एका गोलानं हार.

पंचप्रमुख तणतणत आले. "थोडं थांबला असता तर काय बिघडलं असतं? गोल होतच होता!"

"दुसरी काठीही येतच होती."

"आली असती कशावरून?"

"ते सिद्ध करायला पोरगी खाली पडायला हवी होती. मी नाही पडू दिली."

"मग बाहेरच्या स्पर्धेचं विसरा, ताई."

"विसरले. पुढच्या रविवारी शाळांचे सामने आहेत, तिथं वाजवीन. अशीच वाजवीन."

ते निघून गेले. बाई खेळाडूंच्या खोलीबाहेर, बोळातल्या बाकावर बसून बुटांची नाडी सोडू लागल्या. पोरी एकेक करून बाहेर पडत होत्या. कुणी मान फिरवली, कुणी मुद्दाम ऐकू जाईल असं "पिवळी भवानी" म्हटलं. सगळ्यात शेवटी भिंगरी आली. रडून डोळे सुजलेले. केस सोडलेले.

"आमचा कप खाल्लात तुम्ही," ती म्हणाली. "जन्मभर लक्षात ठेवीन."

"ठेव," बाई म्हणाल्या.

भिंगरी दोन पावलं गेली आणि नाक मुरडून थबकली. "शी! कसला घाण वास मारतोय इथं!"

बाईंनी मान वर केली. "कसला गं?"

"येत नाही तुम्हाला? ओले मोजे, आणि वर ते मलम. आणि..." तिनं वैतागून पुन्हा एकदा हुंगलं. "बाहेर कुणीतरी गवत कापलंय."

दार आपटून ती गेली.

बाईंनी दुसऱ्या बुटाची नाडी सोडली. मग उठून खिडकी उघडली आणि उगाचच एक दीर्घ श्वास घेतला.