आबांच्या खांद्यावरून

मी गेणूआबांच्या खांद्यावरची घोंगडी बोलतेय. आधीच सांगून ठेवते, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. आबांच्याच मेंढ्यांची लोकर कातरून सणगरानं मला मागावर विणलं आणि चिंचोक्याची खळ लावून कडक केलं. तेव्हापासून लोणी भापकरच्या माळावर मी आबांबरोबर राखण करत आले. राखण करणाऱ्यानं संशय धरायचाच असतो.

दोन वर्षांपूर्वी आबांनी सगळी मेंढरं विकली. चरायला रान उरलं नव्हतं आणि लेक दादासो मागं लागला होता. त्यानंतर आबा ओट्यावर नुसते बसून राहू लागले. जेवण कमी झालं, बोलणं तर बंदच. शेजारची आक्काबाई म्हणाली, "बाहेरचं हाय." दादासोनं लिंबू उतरवलं, अंगारा लावला. माझा संशय मात्र दादासोवरच होता. बापाला वेडा ठरवून सातबारा आपल्या नावावर करून घेणारी पोरं मला ऐकून माहीत आहेत.

एक गोष्ट मात्र मला एकटीलाच ठाऊक होती. रोज दुपारी आबा विहिरीच्या काठावर जाऊन बसत आणि आत बघत राहत. मला ओरडता येत नाही, याचा इतका राग मला कधी आला नव्हता.

एके दिवशी दादासो म्हणाला, "आबा, बारामतीत गुडघ्याचं डाक्टर आल्यात. चला." मोटारसायकलवरून गेलो. खोलीत ना सुई, ना तपासायचं टेबल. नुसत्या खुर्च्या, आणि योगिनी नावाच्या एक ताई. त्यांनी काही विचारायच्या आत आबांनी धोतर वर करून उजवा गुडघा त्यांच्यापुढं धरला.

"आबा, मला गुडघ्यातलं काही कळत नाही," ताई म्हणाल्या. "मी मनाच्या त्रासाबद्दल बोलते. तुम्हाला खोटं सांगून आणलेलं दिसतंय. थांबायचं की जायचं, तुम्हीच ठरवा."

दादासोनं मान खाली घातली. आबांनी धोतर सारखं केलं आणि, का कोण जाणे, बसून राहिले.

मग ताईंनी सरळच विचारलं, "मरून जावं असं वाटतं का?"

माझं अंग आखडलं. असं कुणी विचारतं का? नसलेलं खूळ डोक्यात भरायचं! पण ताई खुर्चीतून हलल्या नाहीत, आणि शेवटी आबा म्हणाले, "व्हय. हिरीवर जाऊन बसतो." दारात उभा असलेला दादासो रडू लागला. माझा संशय थोडा सैल झाला, पण थोडाच.

ताईंनी विहिरीला जाळी बसवायला सांगितली, सध्या आबांना एकटं सोडू नका म्हणाल्या आणि गोळ्यांसाठी डॉक्टरांकडं पाठवलं. पुढं दर आठवड्याला खेप सुरू झाली.

"सकाळी उठायचं कशापायी, त्येवढं सांगा की," आबा एकदा चिडून म्हणाले.

"मी सांगितलं तर ते माझं होईल आबा, तुमचं नाही."

"मग तुमी हितं कशाला बसलाय?"

"तुम्हाला सापडेपर्यंत सोबत करायला."

गोड बोलणारे दलाल मी खूप पाहिलेत. मी सावधच राहिले.

पाचव्या खेपेला आबांचा बांध फुटला. "मेंढरं पोरानं इकाय लावली असं मी समद्यास्नी सांगतो. खोटं हाय. माझंच पाय थकलं हुतं. टेंपो गेला आन् मला हलकं वाटलं. जल्मभर ज्येंच्या मागं फिरलो, ती गेली आन् मला बरं वाटलं! मग मी मानूस कसला?"

ताई चुकलं म्हणाल्या नाहीत, नाही चुकलं असंही म्हणाल्या नाहीत. "विकायला होय म्हणणारे तुम्हीच होतात," त्या म्हणाल्या. "पुढचंही तुम्हीच ठरवणार आहात." आबांनी माझ्या काठानं डोळे पुसले. मी किती खरखरीत आहे, याचं मला फार वाईट वाटलं.

परवा सकाळी दादासो कारखान्यावर कामाला निघाला होता. आबांनी हाक मारली. "दादासो, आज मन लई वंगाळ झालंय. काम ऱ्हाऊ दे. जरा माझ्यापाशी बस."

जन्मात त्यांनी कुणाला असं म्हटलं नव्हतं. दादासोनं किल्ली खिशात टाकली, मला ओट्यावर अंथरलं आणि दोघं बसले.

मी आता विरत चाललेय. आबा बरे झाले असं मी सांगणार नाही, एवढ्यात बरं झालं म्हणणाऱ्यांचा मला संशय येतो. पण तुमच्याही घरात कुणी असं गप्प बसलं असेल, तर निमित्तं शोधू नका. सरळ विचारा. आणि विचारलंत, तर उत्तर येईपर्यंत उठू नका.