हातोडीने बसवलेला मदरबोर्ड

मित्रांनो, माझ्या कुशीवर हातोडीच्या घावांच्या खुणा आहेत, तरी मी अजून उभा आहे. मी संगणकाचा जुना, ठेंगणा कॅबिनेट. कारखान्यात पत्रा कापून, वाकवून, आत बोर्ड टेकवायला पितळी खुंट्या बसवून मला घडवलं. साडेनऊ इंची चौकोनी ‘मायक्रो’ मदरबोर्ड किंवा त्याहून धाकटा ‘मिनी’ माझ्यात सुखाने मावतो. फूटभर लांबीचा थोरला मात्र नाही.

ताई माझ्या जोरावर घरांचे नकाशे काढायची. आई मला कौतुकाने पुसायची. मग माझ्यातला बोर्ड जळाला आणि दादाने हौसेने नवा आणला. तो नेमका थोरला!

“दादा, आधी माप घे,” ताई म्हणाली.

“मला शिकवू नकोस. बसतो कसा नाही, बघतोच!”

बसला नाही. दादाचं डोकं फिरलं. पक्कड घालून त्याने माझ्या आतली चौकट ओरबाडून काढली, पत्रा टराटरा फाडला. बोर्डाला जिथे भोकच नव्हतं, तिथली खुंटी बोर्डाच्याच पाठीत रुतत होती. ती काढायची सोडून दादाने वरून हातोडी हाणली.

“वीज लावू नकोस, खुंटी रुतलीय, बोर्ड जळेल!” ताईने हात आडवा घातला. त्याने तो हिसडला. माझ्या फाटक्या कडेने तिचा तळवा उभा चिरला. तरी त्याने बटण दाबलंच. ठिणगी उडाली, धूर निघाला, बोर्ड मेला. मग दादा माझ्यावरच तुटून पडला. घावावर घाव.

“अरे राक्षसा, पोरीचा हात बघ आधी!” आई किंचाळली.

तेव्हा कुठे त्याला रक्त दिसलं. हातोडी गळून पडली.

टाके पडले, जखम भरली, पण ताईची दोन बोटं मिटेनात. दादाने कानशीने माझ्या कडा गुळगुळीत केल्या आणि मायक्रो बोर्ड आणून खुंट्यांवर अलगद बसवला. आता ताई शेजारी बसते, माउस दादा धरतो.

“भिंत डावीकडे घे.”

“किती?”

“मी थांब म्हणेपर्यंत.”

मित्रांनो, मोठ्या कॅबिनेटमध्ये लहान बोर्ड बसतो, लहानात मोठा नाही. आधी मापं जुळवा. आणि नाहीच जुळली, तर हातातली हातोडी खाली ठेवा. माझा पत्रा ठोकून सरळ झाला; ताईची बोटं नाही झाली.